चाळीसपैकी अडतीस

"ज्याला विषय येत नाही, त्याला माझ्या पेपरात चाळीसपैकी दहाच्या वर मार्क पडूच शकत नाहीत!" प्राध्यापकांनी समितीपुढे टेबलावर हात आपटून सांगितलं. परीक्षा कशा घ्याव्यात, यावरच त्यांचं वीस वर्षांचं संशोधन! खडकांवरचा हा पेपर सोमवारी छापायला जायचा होता, तब्बल दोन हजार मुलांसाठी. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, त्यातला एक बरोबर. तरी खात्री करायला विषयाचा गंधही नसलेलं माणूस हवं होतं. घरी आत्या होतीच! जन्मभर शिवणकाम केलेली आत्या खडकाशी फक्त ठेच लागण्यापुरता संबंध ठेवून होती.

वीस मिनिटांत आत्याचा पेपर सोडवून झाला. मार्क अडतीस!

"आत्या, हे कुठे वाचलंस गं?"

"मी कशाला वाचतेय, बाबा?"

प्राध्यापकांनी मार्क पुन्हा मोजले. अडतीसच! कुतूहल काही गप्प बसू देईना. त्यांनी त्याच पेपरची दुसरी प्रत काढली, सगळे प्रश्न कागदाच्या पट्ट्यांनी झाकले, नुसती उत्तरं उघडी ठेवली आणि समोर बसले. आत्यानं गळ्यातली टेप काढली, ओळींवर लावली आणि खुणा करत सुटली. चाळीसपैकी चाळीस!

"बरं झालं झाकलंस. ते प्रश्न उगाच मधे मधे येत होते," आत्या म्हणाली. "सगळ्यात लांब ओळ, तेच बरोबर. मघाशी नुसत्या नजरेनं मापलं, म्हणून दोन चुकले."

"पण असं का व्हावं?"

"लहानपणापासून तुझं हेच! खरं बोलायचं म्हटलं की 'परंतु' आणि 'बहुतेक' जोडल्याशिवाय तुला चैन पडत नाही. खोटं मात्र एका शब्दात उरकतोस."

"हे पूर्णपणे बरोबर म्हणता येणार नाही, कारण काही विशिष्ट परिस्थितींत..."

आत्यानं पुन्हा टेप हातात घेतली.

तेवढ्यात समितीच्या अध्यक्षांचा फोन. "पेपर पक्का ना?"

"हो!"

आत्यानं चिमटीत जेमतेम अर्धा इंच टेप धरून दाखवली. प्राध्यापकांचा चेहरा पडला. मग त्यांनी कबुली दिली, अर्थातच नऊ मिनिटं! अध्यक्षांनी कंटाळून आठ दिवसांची मुदत दिली.

प्राध्यापकांनी आठही दिवस खपून प्रत्येक बरोबर उत्तराची काटछाट केली आणि छाती फुगवून पेपर आत्यापुढे ठेवला. आत्यानं टेप गळ्यातच राहू दिली. दहा मिनिटांत चाळीसपैकी चाळीस!

"आता काय केलंस?"

"काही नाही रे," आत्या म्हणाली. "या वेळी सगळ्यात आखूड."