वाळत घातलेले हात

"ठमीचा लंगोट बदललात की हात साबणाने धुवायचे. भरवायच्या आधीही साबणाने. पाणी उकळलेलंच. कळलं ना, बाबा?" चपला पायात सरकवत सुनेने पुन्हा विचारलं. आज ती कामावर रुजू होणार होती.

"अगं, उभा जन्म घड्याळांची पोटं साफ करण्यात गेला माझा. मला शिकवतेस होय?"

"तसं नाही हो. पण तिला पुन्हा जुलाब झाले, तर पाळणाघरच बघावं लागेल."

सून गेली, 'पाळणाघर' हा शब्द मागे राहिला. ठमी नसलेली दुपार म्हणजे चावी न दिलेलं घड्याळ!

ठमीने लगोलग परीक्षा घेतली. लंगोट बदलून, तिला कठड्याच्या पलंगात ठेवून आजोबा बेसिनशी गेले. हात चोळचोळून धुतले, नळ बंद केला आणि थबकले. नळ उघडला तो कुठल्या हातांनी? मळक्या! म्हणजे मळ नळावर आणि नळावरून परत हातावर. आजोबांनी नळ धुवायला घेतला. तेवढ्यात साबण सटकून जमिनीवर पडला. आता पडलेला साबण धुवायचा कशाने? नवा काढावा तर कपाटाची कडी कुणी धुतली होती?

कडी धुतली. कपाट धुतलं. फेसातून बुडबुडे निघाले नि उन्हात डुलत खोलीभर फिरू लागले. ठमी टाळ्या पिटत होती. टॉवेलचा भरवसा नव्हता, म्हणून आजोबा दोन्ही हात वर करून खिडकीशी वाळत उभे राहिले. एकेका बुडबुड्यात इवलंसं घड्याळ टिकटिकतंय असं त्यांना वाटलं. डोळे जड झाले.

फोन वाजला.

"वाज बाबा, वाज," ते गुंगीतच म्हणाले. "मी हात धुतलेत."

फोन वाजवाजून दमला. बऱ्याच वेळाने दारात सुनेची किल्ली फिरली; फोन उचलला नाही म्हणून ती धावत आली होती.

"बाबा! हात वर का? कोण शिरलंय घरात?"

"कुणी नाही गं. वाळतायत."

सुनेने ओलं कपाट पाहिलं, फेस पाहिला. "ठमी जेवली?"

"हे वाळले की भरवतोच."

"बास! उद्याच पाळणाघरात विचारते," म्हणत ती पलंगाकडे झेपावली.

"थांब! बाहेरून आलीस. आधी हात!"

नियम तिचाच होता. ती मुकाट्याने बेसिनशी गेली. पाणी वाहू लागलं. वाहतच राहिलं.

"बाबा..." आवाज अगदी बारीक झाला होता. "नळ मळक्या हातांनीच उघडला मी. आता बंद कशाने करू?"

"कोपराने बघ," आजोबा मायेने म्हणाले. "नाहीच जमलं तर ये इथे खिडकीशी, जागा आहे. आणि पाळणाघरातले नळ कसले आहेत, तेही विचार हो उद्या."

नळ वाहतच होता. एक बुडबुडा तेवढा तरंगत बाहेर आला आणि ठमीच्या नाकावर टेकला.