जिन्यावरचं वरण

चतुराबाईंच्या घरात दोन स्वयंपाकघरं झाली त्याला दोन वर्षं होत आली होती आणि तेव्हापासून त्यांच्या घशाखाली घास सरळ उतरला नव्हता. खाली थोरली सून माधवी, वर धाकटी दीक्षा. एकाच पोत्यातली तुरीची डाळ दोन कुकरांत शिजे, शिट्ट्याही बरोबरच वाजत आणि अकोल्यातल्या त्या गल्लीतल्या बाया विचारत, "चतुराबाई, आज कोन्या मजल्यावर जेवता?" त्यांचे यजमान मोतीराम असते तर हे विचारायची कोणाची छाती झाली नसती. डोळे मिटायच्या आत घरात पुन्हा एकच चूल पाहायची, एवढंच चतुराबाईंचं मागणं होतं.

त्यातच माधवीचा मुलगा अनुप सुट्टीवर आला. अमरावतीच्या एका कंपनीत तो कॉम्प्युटर सांभाळायचा.

"तिथं करतं तरी काय तू दिवसभर?" चतुराबाईंनी विचारलं.

"एक मोठी मशीन हाय, आजी. तिच्या पोटात चाळीस मशिनी चालतात. परतेकीले वाटते, अख्खी मशीन आपलीच हाय."

"आपल्या घरासारखंच म्हन."

"पन मेमरी पुरत नाही ना. मंग मोठी मशीन सगळ्यायच्या मेमरीची पानं तपासते. अक्षर न् अक्षर सारखं पान दोघींकडं सापडलं, तं एकच ठेवते अन् दोघींले तेच दाखवते. त्यायले पत्ताही लागत नाही. फक्त एक हाय आजी..."

चतुराबाई उठून गेल्या होत्या. शाळा त्यांनी दुसरीत सोडली, आणि होत्या तोवरही गुरुजींचं वाक्य पुरतं होऊ दिलं नव्हतं.

सकाळी त्यांनी दोन्ही सुनांना समोर उभं केलं. "डाळ एक, पानी एक, अन् वरनं दोन. मशीनले अक्कल हाय, तुमाले नाही."

मग त्यांनी स्वतः गंजभर, म्हणजे मोठं पातेलंभर, वरण शिजवलं आणि तो गंज जिन्याच्या मधल्या वळणावर ठेवला. खालचीनं वर येऊन न्यावं, वरचीनं खाली येऊन. तीन दिवस सुरळीत गेले. चतुराबाई गल्लीभर सांगत फिरल्या, "माह्या घरी वरन एकच शिजते."

चौथ्या दिवशी रविवार. दीक्षाचा भाऊ हिवरखेडहून जेवायला येणार होता. माधवीला वरण अळणी लागलं, तिनं गंजातच मीठ घातलं. मागून दीक्षानं, भाऊ येणार म्हणून, चव न घेताच आणखी घातलं. माधवी पुन्हा आली, तोंड वाकडं करून तिनं गुळाचा खडा सोडला. दीक्षाला ते गोड लागलं. तिनं मूठभर तिखट ओतलं.

भावानं पहिला घास घेतला आणि तो तीन गिलास पाणी प्यायला. "ताई, तुले इथं रोज हेच खाऊ घालतात काय?"

दीक्षा जिन्यात आली. "वरनात गूळ कोनं टाकला?"

"तिखटाचा डबा उलटा करनारीनं इचारू नये," खालून उत्तर आलं.

वर्षभर एकमेकांशी न बोललेले चतुराबाईंचे दोन्ही मुलगे त्या दुपारी एकमतानं बोलले. बाहेरून वेगळा जिना काढायचा आणि आतला बंद करायचा.

"तुई मशीन खोटी हाय," चतुराबाई अनुपला म्हणाल्या.

"मशीन खरी हाय. तू अर्धंच आयकलं. एक पान दोघींत चालते ते वाचण्यापुरतं. कोनी त्यात एक अक्षर लिवाले गेलं, की मशीन आधी त्याले वेगळी नक्कल काढून देते. मंग ज्याचं त्यानं लिवावं."

"म्हंजे शेवटी वेगळी चूलच."

"हो."

"आधी कावून नाही सांगतलं?"

"तू उठून गेलती."

संध्याकाळी दोन्ही मजल्यांवर कुकर वाजले. चतुराबाई जिन्याच्या वळणावर गंजाशेजारी बसून होत्या. खाली माधवी नवऱ्याला म्हणत होती, "आत्याबाई वर जेवल्या असतीन." वर दीक्षा म्हणत होती, "आत्याबाई खाली जेवल्या असतीन." दोघींच्या आवाजात शंका नव्हती.

अनुप चप्पल घालून बाहेर निघाला. "जेवली का, आजी?"

"दोन्हीकडं," चतुराबाई म्हणाल्या.

तो गेल्यावर त्यांनी गंज पुढं ओढला. मीठ कोणाचं, गूळ कोणाचा, तिखट कोणाचं, सगळं जिभेला वेगवेगळं कळत होतं.