प्रमाण बोट

मोजमापाचं कोणतंही यंत्र चुकतं तेव्हा ते मालकाच्या बाजूने चुकतं, असा आमच्या खात्याचा आजवरचा अनुभव आहे. मी वजनमापे निरीक्षक आहे. दुकानदाराचा काटा दुकानदाराकडेच झुकतो. गिऱ्हाइकाच्या बाजूने चुकणारा काटा माझ्या सगळ्या नोकरीत एकदाच सापडला, आणि तो मालकाने आमच्यादेखत फोडला.

म्हणूनच रक्तातली साखर मोजायचं माझं स्वतःचं यंत्र सतत माझ्याविरुद्ध आकडे दाखवू लागलं, तेव्हा मी ही बाब गांभीर्याने घेतली.

मला मधुमेह झाला त्याला काही वर्षं झाली. (झाला, म्हणजे डॉक्टरांच्या मते.) वरिष्ठ अधिकारी बदलून यावा तसं घराने त्याचं स्वागत केलं. त्याला स्वतंत्र कपाट मिळालं, फ्रिजचा वरचा कप्पा मिळाला, भिंतीवर तक्ता लागला. माझा चहा बिनसाखरेचा झाला आणि मला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून गेल्या वर्षी बायकोने आपल्याही चहातली साखर बंद केली. (असं मी सगळ्यांना सांगत असे. सांगताना मी डोळे पुसे आणि लोक बिस्किटांची बशी पुढे सरकवत.)

पायाला जखम झाली तरी मधुमेह्याला कळत नाही, म्हणून तळवे रोज बघायचे असतात. मला वाकणं जड जातं. त्यामुळे मी खुर्चीत बसत असे आणि ही चष्मा लावून जमिनीवर बसून माझे तळवे तपासत असे. संशयास्पद जागांचे फोटो काढले जात. एका शनिवारी असाच एक लालसर डाग सापडला, तेव्हा घरात धावपळ उडाली. तपासाअंती तो जॅमचा निघाला.

पथ्य मी कसोशीने पाळतो. अर्ध्या बिस्किटाला आमच्यात बिस्कीट म्हणत नाहीत आणि उरलेलं अर्धं हे वेगळं प्रकरण असतं. ऑफिसातला केक उभ्याने खाल्ला तर तो खाण्यात धरत नाहीत. माझ्या पाहणीनुसार शंभरातले नव्वद मधुमेही हे नियम पाळतात. उरलेले दहा पाहणी करणाऱ्याशी खोटं बोलतात.

तरी आकडा चढाच. काट्याचा संशय आला की त्यावर प्रमाण वजन ठेवायचं, म्हणजे ज्याच्या अचूकपणाबद्दल शंका नाही असं वजन, ही आमची पद्धत. मला प्रमाण रक्त हवं होतं, आणि घरात ते एकाच ठिकाणी उपलब्ध होतं. माझी बायको कधी आजारी पडत नाही. (पडली असती तर मला कळलं असतं; मी घरातच राहतो.) अलीकडे ती सारखी पाणी पीत असे आणि दुपारी आडवी होत असे, पण ते उकाड्यामुळे.

रविवारी नाश्त्याआधी मी यंत्रात नवी पट्टी आणि टोचणीत नवी सुई घातली.

"जरा बोट दे."

"कशाला?"

"यंत्राची पडताळणी करायची आहे."

"माझं नको. शेजाऱ्यांचं घ्या."

"शेजाऱ्यांची खात्री नाही."

तिने बोट पुढे केलं. "टोकावर नका टोचू, कडेला टोचा. दुखत नाही." इतक्या वर्षांत ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

आकडा आला. माझ्यापेक्षा जास्त.

मला मनापासून आनंद झाला. "बघितलंस? यंत्र सदोष आहे," मी म्हणालो आणि कंपनीला लिहायच्या तक्रारीचा मजकूर जुळवू लागलो. त्या खुशीत एक बिस्कीट अख्खं खाल्लं.

"यंत्र बरोबर आहे हो," ती म्हणाली. उठून बाल्कनीत गेली आणि कपड्यांच्या चिमट्यांचा डबा घेऊन आली. (या डब्याला मी उभ्या जन्मात हात लावलेला नाही.) चिमट्यांखाली गोळ्यांचं पाकीट होतं. माझ्याच गोळ्या, म्हणजे त्याच नावाच्या.

"कधीपासून?"

"झालं वर्ष. कालची गोळी राहिली. तुमच्या पायाचा जॅम पुसत बसले ना."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. पण तुम्हाला तुमचंच एवढं झालेलं. म्हटलं, एका घराला एक मधुमेह पुरे."

मी आधी माझंच बोट टोचलं. (धक्क्याने साखर चढली का, ते बघायला. सवय.) मग मला लाज वाटली, आणि तिचा फार राग आला, पण तो खरा माझ्यावरचाच होता. दुकानदारांचे अंगठे मी पारड्यावरून उचलून काढले आहेत. माझ्या घरचं पारडं इतकी वर्षं माझ्याकडे झुकलेलं होतं, आणि घराची तपासणी आमच्या खात्याकडे येत नाही.

त्या दिवशी मी जमिनीवर बसलो आणि तिला खुर्चीत बसवलं. मला वाकता येतं, असं निष्पन्न झालं. डाव्या टाचेला एक भेग होती, बरीच जुनी, कडेने सुजलेली. "स्वतःची टाच स्वतःला नीट दिसत नाही," ती म्हणाली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. मी मान डोलावली, जणू ते माझंच कर्तृत्व.

आता तिच्या गोळ्या माझ्या कपाटात आहेत. फ्रिजचा वरचा कप्पा अजून माझ्याच ताब्यात आहे. हस्तांतराची कार्यवाही चालू आहे.

तुमच्याही घरी एकाच माणसाच्या रिपोर्टांची फाइल असेल आणि दुसरं माणूस ठणठणीत असेल. त्याचं बोट मागून बघा. आकडा जास्त आला तर यंत्राचाच संशय येईल, तशी पद्धतच आहे. आणि ते माणूस "माझं नको" म्हणालं, तर उठून चिमट्यांचा डबा उघडा. तो कुठे ठेवलेला असतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच.