ठिपकीचा रिकामा रकाना

एका जंगलात, मुलांनो, एक सरकारी दवाखाना होता. हो, जंगलातसुद्धा असतो. तिथली रांग चार पायांवर उभी असते, एवढाच फरक.

त्या जंगलात ठिपकी नावाची चितळीण राहत होती. पहिलटकरीण. चारा गोड लागत होता, अंगावर तेज होते. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत, "आमची सून बघा! हूं नाही की चूं नाही."

चितळांच्या कळपात कण्हणे म्हणजे मोठी नाचक्की. कण्हले की वाघाला पत्ता लागतो, असे त्यांचे पूर्वज सांगून गेले होते. गेले ते वाघाच्याच पोटात, पण ते असो.

दवाखान्यात साळिंदरबाई डॉक्टर होत्या. त्यांनी पळसाचा द्रोण पुढे केला. "लघवी तपासायचीय."

"पण मला काहीच होत नाही," ठिपकी लाजून म्हणाली.

"नसू दे. पोटुशींची तपासतोच आपण."

तीन दिवसांनी साळिंदरबाईंनी तिला जवळ बसवले. "ठिपके, जंतू निघालेत गं. आत्ता गप्प आहेत. पण पोटात बाळ असताना ते वर मूत्रपिंडापर्यंत चढू शकतात. मग हुडहुडी भरून ताप येतो. कधी कधी बाळही दिवस भरायच्या आत येतं. सात दिवस गोळ्या घे. बाळाला चालणाऱ्याच लिहिल्यात."

तेवढ्यात ठिपकीला आतून एक लाथ बसली, आणि तिला रडूच आले.

चिठ्ठी घेऊन ती औषधाच्या खिडकीवर गेली. तिथे घोरपड होती. घोरपड नियमाला चिकटली की सुटत नाही.

"तक्रार?"

"काही नाही, मावशी."

"जळजळ? ताप? कंबर धरते?"

"नाही."

"मग गोळ्या कशाला? तक्रारीचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. काही दुखलं की ये."

"मी तरी काय म्हणते!" मागून सासूबाई म्हणाल्या. "धडधाकट पोरीला कसल्या गोळ्या? चल घरी."

ठिपकी वळली. दोन पावले चालली. कळपात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हे तिला ठाऊक होते. पण बाळ गेले तर ते तोंड घेऊन करायचे काय?

तिने खिडकीसमोर अंग टाकले. "आई गं! मेले! जळतंय गं!"

रांगेतली माकडे झाडावर चढली. सासूबाईंनी झुडपात तोंड खुपसले. घोरपडीने सावकाश रकाना भरला.

"हे आधी सांगायचं ना, बाई," ती म्हणाली, आणि तिने गोळ्या मोजून दिल्या.

ठिपकीने एकही गोळी चुकवली नाही. पुन्हा तपासणी झाली, जंतू गेले होते. दिवस भरल्यावर पाडस झाले. उठले, पडले, पुन्हा उठले. ठिपकी त्याला चाटत राहिली.

बारशाला सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "बघा, झालं का काही? उगीच तमाशा केला, गोळ्या फुकट गेल्या!" सगळ्या कळपाने माना डोलावल्या. द्रोण तपासणी बंद करावी, असा अर्जही त्याच पंगतीत लिहून झाला.

ठिपकीची नणंद नुकतीच पोटुशी राहिली होती. तिला बाजूला घेऊन ती कण्हायला शिकवू लागली.

तात्पर्य: वेळेवर बरा झालेला आजार कधी झालेलाच नसतो. म्हणून शहाण्या वैद्याने रोग्याला आधी मनसोक्त लोळू द्यावे, मगच बरे करावे. नाव होते.