किसनआबांची डबल बेल

चहूबाजूंना पाणीच पाणी, पुढे गाडी नाही, मागे गाडी नाही, आणि तरीही लाँच उजवीकडे वळवण्याआधी खिडकीतून हात बाहेर काढून खूण करणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय का?

नसेल पाहिला, तर तुम्ही आमच्या किसनआबांच्या लाँचमध्ये बसलेले नाहीत. आणि बसण्याची गरजही पडली नसेल, कारण तुमच्या घरापासून दवाखान्यापर्यंत रस्ता असणार. आमचं गाव कोयना धरणाच्या पाण्यापलीकडे, जावळीच्या डोंगराला चिकटून. दवाखाना, कॉलेज, पिठाची गिरणी आणि साताऱ्याची बस हे सगळं अलीकडच्या काठावर. त्या काठाला आम्ही डांबरी काठ म्हणतो. मधे पाणी. पूल आमच्याकडे दर निवडणुकीत उभा राहतो आणि निकालाच्या दिवशी वाहून जातो. उरते ती गावची जुनी लाकडी लाँच, आणि ती चालवणारे किसनआबा.

आबा जन्मभर एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. वाई, सातारा, कराड, सांगली, सगळे रस्ते त्यांनी घासून काढलेले. निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा लाँचचा चालक नुकताच मुंबईला निघून गेला होता. आबांनी सुकाणू हातात घेतलं आणि महिन्याभरात लाँचची बस करून टाकली.

कुठून तरी बसचा भोंगा आणून बसवला. बाजूला आरसा लावला. त्या आरशात पाण्याशिवाय काही दिसत नाही, पण आबा तो रोज पुसतात. आत दोरी ओढून तिच्या टोकाला पितळी घंटा बांधली. पाट्या रंगवल्या. ‘चालकाशी बोलू नये.’ ‘हात व डोके बाहेर काढू नये.’ पुढच्या एका फळीवर ‘आमदारांसाठी राखीव’. ती जागा आजवर रिकामीच आहे.

‘‘आबा, इथं आमदार कवा बसनार?’’ असं कुणी विचारलं की आबा गंभीरपणे म्हणतात, ‘‘आला तर उभा ठिवायचा का त्याला? नियम म्हंजी नियम.’’

अंगात खाकी शर्ट. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तो रोज धुतलेला, निखारे भरलेल्या तांब्यानं इस्त्री केलेला. आणि डबल बेल झाल्याशिवाय लाँच हलत नाही. स्वतः घंटा वाजवायला ते तयार नाहीत. ‘‘ड्रायव्हर ड्रायव्हरचं काम करनार, कंडक्टर कंडक्टरचं.’’ कंडक्टर अर्थातच नाही. मग जो दोरीजवळ बसेल त्याची त्या फेरीपुरती नेमणूक. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. हे आमच्या गावात पोरांना बाराखडीच्या आधी येतं.

आणखी एक वाक्य. माणसं चढायला लागली की आबा मान न वळवता ओरडतात, ‘‘पुढं सरका! पुढं सरका! मागं लोक हायती!’’ मागे लोक असोत नसोत. एकदा मी एकटीच होते. तरी मला पुढे सरकावं लागलं.

मी पत्रकांच्या घरात वाढले. आमच्याकडे डब्यातल्या भाकरीखालीसुद्धा कुठल्या तरी मोर्चाचं पत्रक असायचं. त्यामुळे ही गंमत बघून मला हसू यायचं, तेवढीच चीडही यायची. एकदा मी आबांना म्हणाले, ‘‘ही लाँच भंगारात घालायच्या लायकीची आहे. तुम्ही तिला नटवताय. तुम्हाला राग येत नाही?’’

‘‘येतो की,’’ आबा म्हणाले. ‘‘पन राग धरून गाडी चालवू न्हाई. ब्रेक लागत न्हाईत.’’

यंदाच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या रूपालीची नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा होती, साताऱ्यात. आमच्या गावातून या परीक्षेला बसणारी ती पहिलीच मुलगी. घरच्यांनी सांगून ठेवलं होतं, यंदा नंबर लागला तर शिक, नाही तर दिवाळीनंतर लग्न. तिला सकाळच्या बसनं जाणं भाग होतं. त्यानंतरची बस पकडली तर केंद्राचं दार बंद झालेलं असणार.

मी तिला बसपर्यंत सोडायला निघाले. लाँचमध्ये आमच्याखेरीज दुधाच्या किटल्या घेऊन निघालेला शंकर, कडेवर कोंबडी घेतलेल्या हौसाआक्का आणि बाजाराला निघालेली चार-दोन माणसं. जीवरक्षक जॅकेटं लाँचमध्ये आहेत. आम्ही ती अंगात घालत नाही, बुडाखाली घेतो. फळ्या टोचतात.

‘‘पुढं सरका!’’ झालं. हौसाआक्का दोरीजवळ होत्या, त्यांनी डबल बेल दिली. निघालो. रूपाली पुस्तकात डोकं घालून ओठ हलवत होती.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की धरणात बुडालेल्या जुन्या झाडांचे बुंधे पृष्ठभागाजवळ येतात. वरून दिसत नाहीत. पाण्याच्या मध्यावर लाँचला खालून असा दणका बसला की शंकरच्या किटल्या एकमेकींवर आदळल्या.

‘‘गतिरोधक,’’ आबा शांतपणे म्हणाले.

थोड्या वेळानं हौसाआक्का पाय वर घेत म्हणाल्या, ‘‘आगं बया, कोंबडी एवढी मुतली व्हय गं?’’

कोंबडीचा काही संबंध नव्हता. पुढच्या बाजूची एक फळी उकलली होती आणि फटीतून पाणी आत येत होतं. लाँच वेगात असल्यामुळे तिचं नाक उचललेलं होतं, म्हणून ते जरा बेतानं येत होतं. एवढ्यात घाबरून हौसाआक्कांनी दोरी ओढली. एकदा.

टण.

आबांनी तत्काळ इंजिन बंद केलं.

‘‘आबा, थांबवलंत कशाला?’’ मी ओरडले.

‘‘सिंगल वाजली न्हवं का? कोन उतरनार?’’

उतरणार कोण आणि कुठे? वेग गेला तसं लाँचचं नाक खाली बसलं आणि फट थेट पाण्यात गेली. आता पाणी बेतानं येत नव्हतं, घरी आल्यासारखं येत होतं. आबा वळले, त्यांनी ते पाहिलं, चेहऱ्यावरचा रंग उडाला. आणि जन्मभर गर्दी, गोंधळ, भांडण, सगळ्यावर जो उपाय केला, तोच त्यांच्या तोंडून बाहेर पडला.

‘‘पुढं सरका! पुढं सरका!’’

आणि आम्ही सरकलो! इतक्या वर्षांची सवय. शंकर किटल्यांसकट सरकला. मीही सरकले, सगळ्यांना प्रश्न विचारणारी मी. सगळ्यांचं वजन नाकावर आलं आणि लाँच मान खाली घालून पाणी प्यायला लागली.

‘‘आबा, मागं! मागं जायला सांगा!’’

आबांनी तोंड उघडलं. ‘‘मा…’’ म्हणाले. पुन्हा ‘‘मा…’’ शब्द येईना. हा शब्द त्या माणसानं प्रवाशांसमोर कधी उच्चारलाच नव्हता.

शेवटी हौसाआक्कांनी कोंबडी माझ्या हातात कोंबली आणि सगळ्या पाण्यावर ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, ‘‘मागं व्हा मुडद्यांनो! समदी मागं! आनि ती जाकिटं आंगात घाला, बसताय काय त्येच्यावर!’’

आम्ही मागे धावलो. नाक उचललं. फट पाण्याच्या रेघेला आली. आबांना आता कंठ फुटला.

‘‘शंकर, उपस पानी!’’

‘‘कशानं उपसू?’’

‘‘किटल्या हायत की!’’

‘‘त्यात दूध हाय आबा!’’

‘‘मग झाकनानं उपस! बुडाल्यावर डेरीला काय सांगनार हाईस?’’

शंकर झाकणानं पाणी फेकायला लागला. बाकीच्यांनी डबे, टोपल्या, जे हाताला येईल ते घेतलं. आबा पुढे फटीजवळ गुडघ्यावर बसले. ‘‘फडकं! कुनाकडं फडकं हाय?’’ कुणी रुमाल दिला, तो पाण्याच्या जोरानं परत आत आला. आबांनी क्षणभर आपल्या छातीकडे पाहिलं. मग बटणं काढली, तो खाकी शर्ट उतरवला, त्याची घट्ट गुंडाळी केली, इंजिनाजवळच्या डब्यातलं ग्रीस तिला चोपडलं आणि हातोडीच्या दांड्यानं ती फटीत ठोकून बसवली.

‘‘आवं, आत बनियन तरी धडकी घालायची!’’ हौसाआक्का म्हणाल्या.

‘‘बगू नका तिकडं. चालकाशी बोलू न्हाई.’’

पाणी थांबलं नाही, पण पाझरावर आलं. आता प्रश्न होता कुठे जायचं. डावीकडचा जंगलाचा काठ जवळ होता, तिथे रस्ता नाही. डांबरी काठ समोर, पण मधे खोल पाणी. रूपालीनं पुस्तक पिशवीत ठेवलं. तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा आला. ‘‘आबा, जवळच्या काठाला घ्या. परीक्षा राहू दे. एवढी माणसं हायत.’’

आबांनी तिच्याकडे पाहिलं. ‘‘मानसं तर काठाला लावनारच. पन काठ संपतो कुठं? डांबरीलाच जातो न्हवं? काठाकाठानं जाऊ. बुडालो तर कंबरभर पान्यात बुडू.’’

ते जाऊन सुकाणूपाशी बसले. लाँच तशीच उभी.

‘‘आबा, चला की!’’

आबा सुकाणू धरून समोर बघत होते. रूपालीच्याच लक्षात आलं. ती दोरीकडे झेपावली. टण टण!

इंजिन सुरू झालं.

तो रस्ता लांबचा होता. आम्ही मागच्या बाजूला दाटीवाटीनं बसलो, पुढे एकटा शंकर पाणी उपसतोय, माझ्या मांडीवर कोंबडी, आणि आबा फाटक्या बनियनमध्ये प्रत्येक वळणाला हात बाहेर काढून खूण करताहेत. शेवटचं वळण घेतलं आणि डांबरी काठ दिसला. बस उभी होती. तिच्या इंजिनाचा आवाज येत होता. आमच्या डोळ्यांदेखत ती हलली.

रूपालीनं माझा हात धरला.

आबांनी भोंग्यावर तळवा मारला. एक लांब, मग दोन आखूड, पुन्हा लांब. घाटात समोरच्या गाडीला ‘थांब, अडचण आहे’ हे सांगायची ड्रायव्हर लोकांची ती रीत. डोंगरावरून आवाज परत आला. बस थांबली. तिचा ड्रायव्हर खाली उतरला आणि पाण्यातून कुठली बस येतेय ते डोळ्यांवर आडवा हात धरून बघायला लागला.

लाँच गाळात रुतली तिथून रूपाली उडी मारून निघाली. गुडघाभर पाणी, चपला एका हातात, पिशवी डोक्यावर. बसमधली माणसं खिडक्यांतून ओरडत होती, ‘‘ये पोरी, ये! थांबलोय!’’ ती चढली. बस गेली. आबांनी मागून हात हलवला, आणि मग लक्षात आल्यासारखा तो बनियनच्या भोकावर ठेवला.

सगळा दिवस लाँच ओढून काठावर घेण्यात गेला. गावचा सुतार येईपर्यंत ती काही पाण्यात जाणार नव्हती. मी रागानं फुलले होते. लाँचच्या सावलीत बसून मी मनातल्या मनात पत्रकातली एकेक ओळ घडवत होते. बाकीची मंडळी कुणाच्या तरी मासेमारीच्या होडीतून दोन-तीन फेऱ्यांत पलीकडे गेली. हौसाआक्का कोंबडी विकून खुशीत परत निघाल्या.

दिवस मावळायला आला तरी आबा दिसेनात. पाहते तर थांब्यावर. कुणाचा तरी ढगळ शर्ट अंगात, हातात मागून आणलेली बॅटरी, ताठ उभे.

‘‘आबा, रूपाली शेवटच्या गाडीनं येईल. मी थांबते तिच्यासाठी. तुम्ही दमलात, जा.’’

‘‘न्हाई. होडी ठिवून घेतलीया मी. पोरीला पल्याड सोडतो.’’

रस्त्याकडे बघत ते न विचारताच बोलायला लागले.

‘‘शिराळ्याच्या नागपंचमीला येवढी गर्दी नेली मी, टपावरसुदिक मानसं. पन मला ध्यानात काय ऱ्हायलं सांगू? शेवटची गाडी. कुठल्याबी गावाला शेवटची गाडी लागली की थांब्यावर कुनीतरी उभं असायचंच. कुनाचा बा, कुनाची बायकू. उतरनाऱ्याचं तोंड बगायचो मी आरशातनं.’’ त्यांनी बॅटरी या हातातून त्या हातात घेतली. ‘‘आनि मी रजेवर याचो, तवा हितं उतरायचो. शेवटच्या गाडीनंच. पल्याडची लाँच कवाच गेल्याली असायची. हितं कोन येनार? पान्यातनं येत्यात व्हय मानसं? ह्या बाकड्यावर झोपायचो, सकाळी घरी जायाचो. लय वर्सं.’’

लांबवर घाटात बसचे दिवे दिसले. आबांनी बॅटरी लावली, विझवली, पुन्हा लावून बघितली.

बस आली. रूपाली उतरली. अंधारून आलेल्या रस्त्याकडे तिनं जरा धास्तीनं पाहिलं, आणि मग बॅटरीच्या उजेडात तिला आबा दिसले. तेव्हा तिचं तोंड मी पाहिलं. आबाही पाहत होते, या वेळी आरशातून नाही.

‘‘पेपर बरा गेला, आबा,’’ ती म्हणाली.

‘‘जानारच की. भूक लागली आसंल. चल.’’

पत्रकाच्या शेवटी मागण्या असतात. पुलाची आणि नव्या लाँचची मागणी सरकारकडे आहे, ती मी सोडणार नाही, कुणाला सोडू देणार नाही. तुमच्याकडे मागणं लहान आहे. आज तुमच्या गावाला, तुमच्या नाक्यावर शेवटची गाडी येईल. तिच्यातून कोण उतरणार हे तुम्हाला ठाऊक असो वा नसो, पायात चपला सरकवा, आणि थांब्यावर जाऊन उभे राहा.