नीरफणसाचा परवाना

आमच्या बेटावर नीरफणस बंदुकीने काढतात. बाहेरून आलेल्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग मान वर करून झाड बघतो. झाडं उंच, फांद्या ठिसूळ आणि चढणाऱ्यांची वयं झालेली. तेव्हा एकाने देठावर नेम धरायचा, दुसऱ्याने खाली हात पसरून उभं राहायचं. गोळी फळाला लागली तर नेमबाज नालायक, फळ जमिनीवर फुटलं तर झेलणारा नालायक. एवढाच काय तो आमचा हत्यारांचा कायदा, आणि तो पणजोबांच्या काळापासून बिनबोभाट चालला होता.

डॉर्कस आत्याचा नेम बेटावर पहिला. हे आत्या स्वतःच सांगायची, त्यामुळे दुसऱ्या कुणाला तसदी घ्यावी लागली नाही. शाळा तिने जेमतेम पाहिलेली, पण कौन्सिलची अध्यक्ष तीच, कारण चाळीस-पन्नास माणसांच्या बेटावर तिच्याविरुद्ध उभं राहून जायचं कुठे? बंदूक तिच्या वडिलांची. वडील गेले तेव्हा भावांनी होडी घेतली, घर घेतलं. आत्याने बंदूक घेतली. तेव्हापासून भाऊ तिच्याशी विचार करून बोलायला लागले.

मग समुद्रापारच्या मोठ्या कचेरीतून बंदुकांच्या परवान्याचा नियम कौन्सिलपुढे मंजुरीला आला. आत्याने तो वाचला नाही. वाचत बसणं तिच्या हुद्द्याला शोभलं नसतं, आणि जमलंही नसतं. तिने भाचीला, टामरला, एवढंच विचारलं, "ह्याने एल्विनची बंदूक जाईल का?"

"आत्या, नियम सगळ्यांनाच आहे."

"म्हणजे जाईल," असं म्हणून आत्याने पहिला हात वर केला.

एल्विन तिचा सख्खा चुलतभाऊ. लहानपणी ती नेम धरायची आणि तो झेलायचा. एक फळ कधी फुटलं नाही. पुढे आजोबांचं झाड कुणाच्या वाट्याचं यावरून दोघांचं बोलणं तुटलं, ते तुटलंच. त्या दिवशी एल्विननेही आत्याच्या बंदुकीकडे डोळा ठेवून हात वर केला. आम्ही बाकीच्यांनी आपापल्या शेजाऱ्याकडे बघत केला. ठराव एकमताने मंजूर झाला, आणि दुसऱ्याची बंदूक जाणार या आनंदात लिंबाचं सरबत दोनदा फिरलं.

पोलीस म्हणून न्यूझीलंडहून वर्षभरासाठी आलेला हॅमिश नावाचा तरुण होता. भला माणूस, म्हणजे नियमाबाहेर एक शब्द न बोलणारा.

"बाई, तुमच्या चांगल्या वर्तनाबद्दल दोघांनी लिहून द्यायला हवं," तो म्हणाला. "तुम्हाला निदान पाच वर्षं ओळखणारी माणसं हवीत. आणि नात्यातली नकोत. रक्ताची नकोत, लग्नाचीही नकोत."

आत्याने सगळं बेट डोळ्यांपुढून फिरवलं. त्याला फार वेळ लागला नाही. एका जहाजातून उतरलेल्या मूठभर माणसांची आम्ही पिलावळ. इथे कुत्रीसुद्धा एकमेकांची मावसभावंडं.

"तूच दे की लिहून, पोरा."

"परवाना मीच देतो, त्यामुळे मला देता येत नाही. शिवाय मला येऊन वर्षही झालेलं नाही."

"पाद्री? डॉक्टर?"

"तेही माझ्यासारखेच, येऊन-जाऊन असणारे."

"म्हणजे मला ओळखतो तो माझा नातेवाईक, आणि नातेवाईक नाही तो मला ओळखत नाही."

"नियमाचा हेतू बहुधा तोच असावा," हॅमिश गंभीरपणे म्हणाला. "जहाज शुक्रवारी सुटेल. बिनपरवान्याच्या बंदुका पेटीत घालून त्याच्याबरोबर पाठवायच्या आहेत."

"माझा बोकड मला सहा वर्षं ओळखतो. नात्यातला नाही."

"त्याला सही करता येते का?"

"माझ्यापेक्षा बरी करेल," आत्या म्हणाली आणि उठली.

ती थेट एल्विनच्या दारात गेली. तो पर्यटकांना विकायचा लाकडी शार्क कोरत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"एल्विन, मी तुझी कोण?"

"कोणी नाही. एवढी वर्षं ओरडून सांगतोय, आज ऐकू आलं?"

"हेच लिहून देशील?"

चाकू थांबला.

"तू लिहून दे, मीही देते. मग माझ्या वर्तनाची हमी तू घे, तुझ्या वर्तनाची मी घेते."

"तुझं वर्तन? बये, माझा कोंबडा मारलास तू!"

"एका गोळीत मारला. हाल केले नाहीत. तेच लिही."

"आणि दुसरं माणूस?"

"तुझी बायको."

"ती तुझी मावसबहीण आहे."

"तिलाही सोडते. नाहीतरी केळं किसून भट्टीत भाजायची साधी पिल्ही, तीही रोज करपवते."

बेटाचं टपाल, रेडिओ आणि जमिनीचं दफ्तर या तिन्ही खुर्च्यांवर टामरच बसायची. तिने शिक्का उचलून विचारलं, "नातं आजपासून रद्द करायचं की पूर्वलक्षी प्रभावाने?"

"जन्मापासून," एल्विन म्हणाला.

"त्याच्याही आधीपासून," आत्या म्हणाली. त्याच्यापुढे माघार घ्यायची तिला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी टामरच्या दारात रांग लागली. भावाने भाऊ सोडला, सासूने सून सोडली. सुनेने तर दोन प्रती मागितल्या. गुरुवारी होड्या मासे घेऊन आल्या, चौकात घंटा झाली, नेहमीसारखे वाटे पडले आणि हाक गेली, "कुटुंबवार पुढे या!" कुणी हललं नाही. हलला तो कुटुंबवाला ठरणार आणि त्याची बंदूक जाणार. शेवटी हॅमिश पुढे झाला. त्याची बायको न्यूझीलंडला होती, पण कागदोपत्री अजून बायको होती. सगळे मासे त्यालाच मिळाले. आम्ही आपापल्या घरी, आमच्या कोणीच नसलेल्या माणसांशेजारी बसून डब्यातला मासा खाल्ला.

शुक्रवारी जहाज रिकाम्या पेट्या घेऊन सुटलं. आत्या परवाना छातीशी आणि बंदूक खांद्याला लावून आजोबांच्या झाडाखाली आली. फळं अगदी तयार होती. तिने नेम धरला.

"आत्या, थांब!" टामर धापा टाकत आली. "हे झाड तुझं नाही."

"मग काय एल्विनचं?"

"त्याचंही नाही. तुम्ही दोघं जन्मापासून एकमेकांचे कोणी नाही. म्हणजे दोघांपैकी एकजण आजोबांचं नातवंड नाही. कोण नाही ते ठरेपर्यंत झाड सरकारजमा. सरकारी झाडावर गोळी झाडली तर परवानाही रद्द."

"हा कुठला नियम?"

"त्याच ठरावातला. पहिला हात तुझा होता."

कुंपणापलीकडे एल्विन येऊन उभा होता. जुनी सवय; नळी वर गेलेली दिसताच त्याचे हात पसरले गेले होते.

"एक सही कर," टामर हळूच म्हणाली. "एल्विनकाका पुन्हा तुझा भाऊ. झाड तुमचं."

"आणि बंदूक?"

"पुढच्या जहाजाने जाईल."

आत्याने झाडाकडे पाहिलं, एल्विनच्या हातांकडे पाहिलं. मग बंदूक उलट्या हाताने पुसली. "कोण तो? मी ओळखत नाही ह्या माणसाला."

एल्विनने हात खिशात घातले.

त्या मोसमात फळं आपोआप पिकली आणि आपोआप पडली. धप्प आवाज व्हायचा, दोन्ही घरांच्या खिडक्या उघडायच्या आणि परत लागायच्या. आत्याची बंदूक भिंतीवर चकचकीत आहे. वर्तन उत्तम असल्याचा दाखला तिच्याशेजारी टांगलेला आहे, खाली एल्विनची सही.

हसा, आमची हरकत नाही. फक्त हसून झालं की एक सांगा. तुमच्या भावाशी तुम्ही बोलत नाही, ते बांधावरून ना, की जिन्याखालच्या खोलीवरून? आम्हाला निदान परवाना मिळाला.