रिकामं म्हणजे रिकामं

जर्मनीतल्या येना शहरातल्या संशोधन संस्थेतली तळमजल्यावरची खोली रिकामी होती, आणि तरी ती रिकामी नव्हती. एवढ्या एका गोष्टीवर स्वरालीची पीएचडी अडून बसली होती.

खोलीच्या दोन टोकांना वायफायच्या दोन पेट्या. एक लहरी सोडायची, दुसरी झेलायची. मधे काही हललं की बाहेर व्हरांड्यातल्या पडद्यावरची रेघ हलणार. काहीच नसेल तर सरळ राहणार. रिकाम्या खोलीची नऊ ते पाच अशी सलग सरळ रेघ मिळाली, की प्रोफेसर लिंडनर तिच्या प्रबंधातल्या 'रिकामी खोली' या प्रकरणावर सही करणार होते. शुक्रवारपर्यंत नाही मिळाली, तर खोली दुसऱ्या गटाला आणि पीएचडी पुढच्या वर्षावर.

रेघ सकाळभर शहाण्यासारखी वागे. सव्वा वाजला की हळूच फुगायची, ओसरायची, पुन्हा फुगायची. दोन वाजता परत सरळ. स्वरालीने हीटर बंद केला, केबली बदलल्या, कोपऱ्यातली कुंडीसुद्धा बाहेर काढली. रेघेचं आपलं चालूच. तिच्याकडे बघता बघता स्वरालीच्याच पापण्या जड व्हायच्या आणि आपण कशासाठी बसलोय, हेच ती विसरून जायची.

गुरुवारी ती तक्रार घेऊन वर लिंडनरांकडे गेली. सेक्रेटरी फ्राउ केसलर दारातच आडव्या आल्या.

"सव्वा ते दोन नाही भेटणार. कॅलेंडरात रोजची बैठक आहे. फामकुक्शी."

असेल एखादी जपानी कंपनी, असं समजून स्वराली परतली. दोननंतर लिंडनर भेटले, अगदी ताजेतवाने. "रिकामं म्हणजे रिकामं," ते म्हणाले. "उद्या पाचपर्यंत."

शुक्रवारी तिने सासऱ्यांना सोबत नेलं. मिरजेहून आलेल्या नागेशरावांचा जन्म टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून गेला होता. त्यांच्यासाठी तिने रेघेचा आवाज करून स्पीकरवर लावला. सव्वा वाजला आणि व्हरांडाभर संथ हुंकार भरू लागला. नागेशरावांनी डोळे मिटले.

"अहो बाबा, झोपलात की काय?"

"मी नाही गं. लाइन ठीक आहे तुझी. लाइनीत कुणीतरी झोपलंय."

मिनिटाला चौदा श्वास. स्वरालीने मोजलं आणि ती गारच पडली. खोलीच्या पातळ भिंतीपलीकडे जुनं कोठार होतं. दोघं धावत तिकडे गेली, तर दारात फ्राउ केसलर, ओठांवर बोट ठेवून.

"श्श! फामकुक्शी!"

नागेशरावांचा चेहरा उतरला. "अगं, वामकुक्षी! मागच्या महिन्यात सर आपल्याकडे जेवले ना, तेव्हा मीच सांगितलं. पुरणपोळीनंतर डाव्या कुशीवर पाऊण तास. 'व्ही'ने सुरू होणारं स्पेलिंग लिहून घेतलं त्यांनी, आणि इथे 'व्ही'चा 'फ' करतात!"

"मग उठवा ना आता!"

"झोपल्या माणसाला? छे!"

दोन वाजता लिंडनर बाहेर आले. डाव्या गालावर उशीची घडी उमटली होती. स्वरालीने आलेख पुढे धरला. त्यांनी एका मिनिटातले फुगवटे बोटाने मोजले.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते पुटपुटले. "खोली सोमवारपर्यंत तुमचीच. पुन्हा मोजा. मी झोपणार नाही."

सोमवारी ते स्वतः तिच्या शेजारी ताठ बसले. सव्वा वाजला. रेघ फुगली.

"पण मी तर इथे आहे!"

दोघांनी कोठाराचं दार उघडलं. खाटेवर फ्राउ केसलर, डाव्या कुशीवर, चष्मा उशाशी. कॅलेंडरात वेळ राखलेली होती; ती वाया कशी जाऊ द्यायची?

लिंडनर दारातच उभे राहिले. त्यांचा राग कुठे गेला ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी हातातल्या प्रकरणाचा 'रिकामी खोली' हा मथळा खोडून वर लिहिलं, 'भिंतीपलीकडचा झोपलेला माणूस ओळखणे', आणि खाली सही ठोकली. स्वरालीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

लिंडनरांनी दार अलगद लोटलं आणि कुजबुजत विचारलं, "तुमच्या सासऱ्यांना विचाराल का, फामकुक्शी उभ्याने जमते?"